बिनपंख्याची डबी

दुपारचे दोन वाजून गेले की डबी मरायची. रोज. आणि वच्छला घराबाहेर पडायची ती बी नेमकी त्याच टायमाला. आता याला काय म्हणावं? मी आपला दोघींच्या नावानं खडे फोडायचो, दुसरं करणार काय.

डबी म्हणजे छोटा कॉम्प्युटर. पत्त्याच्या कॅटाएवढा. माझी पोरगी तनुजा पुण्यात असती, ती दिवाळीला आली तवा तिनं बसवून दिला. दारावर कॅमेरा, कॅमेऱ्याची वायर डबीत. वच्छलेनं उंबरा ओलांडला की माझ्या मोबाईलवर घंटा वाजणार. मग मी खालच्या मजल्यावरच्या रूपालीला फोन लावायचा. रूपाली जिन्यातच तिला गाठायची आणि "काकू, चहा टाकलाय, चला की" म्हणून घरात घेऊन जायची. असा सगळा बंदोबस्त. कागदावर झकास.

वच्छला माझी बायको. बासष्टची हाय. तीन वर्षांपासून तिचं आठवण्याचं बिनसलंय. आधी चाव्या गेल्या, मग माणसांची नावं, मग मी. मला ती मास्तर म्हणती. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात रेडिएटर झाळत बसलो, मास्तर कुठून झालो देव जाणे. दुपारचं जेवण झालं की तिला माहेरी जायचं असतं, पैठणला. पिशवीत एक लुगडं अन् साबणाची वडी टाकून निघती. तिथं आता कुणीच राहिलेलं नाय. हे सांगितलं की रडती, म्हणून सांगायचं बी सोडून दिलं.

तुम्ही म्हणाल, कुलूप का लावत नाय? लावलं होतं एकदा. परत आलो तर दार बडवून बडवून तिच्या हाताची सालपटं निघाली होती. अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी, अन् मी चावी शोधतोय. तवापासून कुलपाला हात लावला नाय.

मी कुठं जायचो? शहरातल्या छावणी भागात. राजकुमार म्हणून माझ्या ओळखीचा एक हाय, त्याचं रेडिएटरचं दुकान हाय. एक ते पाच तिथं बसायचो. रिटायर माणसानं घरात बसलं की गंज चढतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. तनुजाला बी तेच सांगितलं होतं.

एप्रिलमधी ऊन तापलं अन् डबी रोज दुपारी मरायला लागली, अन् एक दिवस वच्छला नेमकी तवाच निघाली. घंटा वाजलीच नाय. वच्छला आरामात स्टँडवर गेली, पैठणच्या गाडीत बसली. कंडक्टरनं विचारलं, "आजी, तिकीट?" तर हिनं त्याच्या हातात साबणाची वडी ठेवली. चांगला माणूस होता बिचारा. तिच्या गळ्यात तनुजानं घातलेलं कार्ड होतं, त्यावरचा नंबर बघून त्यानं फोन लावला. नंबर तनुजाचा. पैठणच्या वाटेवरल्या बिडकीनच्या स्टँडवरनं मी तिला घेऊन आलो, तोवर पुण्यात सगळा निकाल लागलेला.

"अण्णा, आता पुन्हा एकदा जरी आई अशी बाहेर गेली ना, तर मी तिला इकडे घेऊन येणार," तनुजा म्हणाली. "इथे अशा माणसांसाठी एक केंद्र आहे. मी बघून आलेय. चांगलं आहे."

"माझी बायको काय सामान हाय का, ठेवायला?"

"अण्णा, तुम्ही थकलात."

"मी थकलो नाय!" मी असा ओरडलो की वच्छला दचकून भिंतीला टेकली. मग आवाज खाली घेतला. "डबीचा इलाज करतो. मला जरा वेळ दे."

"डबी आत तापते. फार तापली की बंद पडते," ती म्हणाली. "तिचं वरचं कव्हर बदला, केस म्हणतात त्याला. अण्णा, पण बघून घ्या हं. दिसायला छान म्हणून घेऊ नका."

मला सांगती. रेडिएटरवाल्याला.

त्या दिवशी स्टूल लावून मी डबी खाली काढली अन् उघडली. पांढरं गुळगुळीत प्लास्टिक, चारी बाजूंनी बंद. आत बोर्ड, बोर्डावर ती मधली चीप, अन् वारा यायला एक भोक नाय. बाहेरून हात लावावा तर थंडगार, अन् आत भट्टी. इंजिन पेटीत घालून वरनं झाकण लावलं होतं. ज्यानं कुणी हे बनवलं त्याला मे महिन्यात आमच्या वर्कशॉपात उभा करायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या शहरातल्याच पैठण गेटच्या बाजारात गेलो. तिथं एका बोळात सुदर्शनचं दुकान हाय, इंजिनिअरिंगच्या पोरांना लागतं ते सगळं त्याच्याकडं मिळतं. चाळिशीचा माणूस, डोळ्यांवर भिंग लावून कसलीशी तार जोडत होता. मी डबी समोर ठेवली.

"काका, प्रोजेक्ट कोणाचा? नातवाचा?"

"बायकोचा," मी म्हणलं.

तो हसला नाय. मी सगळं सांगितलं तसं त्यानं भिंग काढून ठेवलं. मग काउंटरवर तीन केस मांडल्या. पहिली काचेसारखी आरपार, वर पंखा, पंख्यात लाल-निळे दिवे. दुसरी काळ्या प्लास्टिकची, तिच्यात बी रुपयाच्या नाण्याएवढा पंखा. तिसरी नुसती ॲल्युमिनियमची, जड, पाठीवर पात्या, पंखा नाय का दिवा नाय.

"पोरं ही नेतात," तो दिवेवाली पुढं सरकवत म्हणाला. "एकदम जोरात चालते."

"बाजूनं उघडी हाय ही. पाल शिरंल की."

"पाल... हां, शिरू शकते."

"अन् ही दुसरी? आमच्या पुंडलिकनगरात सहा महिन्यांपासून रस्ता खोदून ठेवलाय. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. पंखा ती धूळ आत ओढणार. चोंदला अन् थांबला, तर कळतं का बाहेरून?"

"नाही कळत, काका. खरं सांगतो. बंद पडल्यावरच कळतं."

"मग काय उपयोग? बंद पडल्यावर कळायला मला डबी कशाला पाहिजे? ते तर मला कंडक्टर सांगतो."

आता मात्र तो हसला. तिसरी केस त्यानं स्क्रू काढून उघडली. आतून एक चौकोनी ठोकळा खाली आला होता, बरोबर चीपेवर बसंल असा. चीप अन् ठोकळा यांच्या मधी लावायची करड्या रबरासारखी मऊ चकती त्यानं दाखवली. चीपेची उष्णता चकतीतून ठोकळ्यात, ठोकळ्यातून पात्यांत, पात्यांतून हवेत. मी ती केस हातात घेऊन पात्यांवरनं बोट फिरवलं. लई दिवसांनी असं काहीतरी हातात आलं होतं की जे मला समजत होतं. बायकोच्या डोक्यात काय चाललंय ते डॉक्टरलाबी सांगता येत नव्हतं, पण ही केस मला पुरती कळत होती. हीच घ्यायची, ठरलं.

"दोन गोष्टी," सुदर्शन म्हणाला. "एक, धातूच्या आत वायफायचा सिग्नल मार खातो. राउटरच्या जवळ ठेवा अन् वायरनं जोडा. दुसरं, ही बाहेरून तापणार. हात ठेवला तर चटका बसंल. घाबरून बंद नका करू. ती बाहेरून तापतेय म्हणजे आत ठीक चाललंय."

"अरे बाबा, हे मला शिकवतो का?" मी म्हणलं, पण रागानं नाय.

घरी येऊन बसवली. आधी डबी दारावर, छताच्या खाली होती. गरम हवा वर चढती, तिथं ठेवणं हाच मूर्खपणा. राउटर खिडकीशी तिवईवर होता. डबी त्याच्या शेजारी खाली ठेवली, कॅमेऱ्याला लांब वायर लावली. खिडकीतून कूलरची झुळूक यायची ती थेट पात्यांवर. वच्छला पलंगावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "मास्तर, हे कोण?"

"राखण करतंय," मी म्हणलं.

दहा दिवस. दहा दिवस डबी एकदा बी मेली नाय. बाहेर त्रेचाळीस, अन् मोबाईलवर डबीचा हिरवा ठिपका जागचा हलला नाय. चार वेळा घंटा वाजली, चारी वेळा रूपालीनं वच्छलेला जिन्यात धरलं. तनुजाचा फोन आला, "अण्णा, भारी काम केलंत," म्हणाली. मी रोज निघायच्या आधी तिवईपाशी जायचो, उलटा हात डबीला लावून बघायचो. सवय हाय ती. मेकॅनिक माणूस गरम वस्तूला सुलटा हात लावत नाय. चटका बसला की बरं वाटायचं, चप्पल घालायचो अन् निघायचो.

अकराव्या दिवशी रूपाली जालन्याला लग्नाला गेली. तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "काका, उद्या मी नाही हं. काकूंजवळ थांबा."

थांबायला पाहिजे होतं. राजकुमारला एक फोन केला असता तर काम झालं असतं, त्याचं दुकान काय माझ्यावाचून अडलं नव्हतं. मी वच्छलेला जेवू घातलं. तिनं भाकरी कुस्करली, ताटाखाली लपवली, परत काढली, मला दिली. "घ्या मास्तर, लाजू नका." पंधरा वेळा. एक वाजला. मी उठलो, डबीला हात लावला. चटका बसला. घंटा वाजली तर अर्ध्या तासात येईन, एवढी काय लगेच पैठणला पोचती, असं मनाशी म्हणलं अन् गेलो.

दोन चाळीसला हिरवा ठिपका लाल झाला.

घंटा नाय. ठिपका लाल, म्हणजे डबीच गेलेली. वच्छला आत हाय का बाहेर, कळायला मार्ग नाय. घरचा फोन वाजवला, उचलला नाय. तिला फोन उचलायचं कळतच नाय, तरी वाजवला. बिल्डिंगमधी दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता माझ्याकडं. तीस वर्षं राहतो तिथं, अन् एका रूपालीशिवाय कुणाचा नंबर नाय. गाडीला किक मारली.

उन्हात रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मनात एकच, घर का स्टँड? घरी गेलो अन् ती नसली तर तोवर गाडी सुटणार. स्टँड वाटेतच होता, म्हणून आधी आत शिरलो. पैठणची गाडी फलाटाला लागलेली, भरलेली. मी खालून एकेका खिडकीत डोकावत "वच्छला! वच्छला!" करत पळत होतो. एक बाई म्हणाली, "काय झालं हो बाबा?" आत चढलो, शेवटच्या बाकापर्यंत गेलो. नव्हती. आधीची गाडी कवा गेली विचारलं, तर वीस मिनिटं झाली म्हणाले.

खिशात फोन थरथरत होता. तनुजा. लाल ठिपका तिलाबी दिसला असणार. मी उचलला नाय.

खोटं कशाला बोलू? त्या फलाटावर उभा असताना एकदा मनात येऊन गेलं, गेली तर गेली, सुटलो. एवढंच. आलं अन् गेलं. पण आलं होतं. माझी मलाच शिसारी आली. परत गाडीवर बसलो अन् घराकडं सुटलो. सेव्हन हिलच्या पुलावर डोळ्यांत घाम का काय ते उतरलं, समोरचं धड दिसत नव्हतं.

जिना चढलो. दार लोटलेलं. दारात तिच्या चपला.

वच्छला घरातच होती. तिवईजवळ फरशीवर मांडी घालून बसलेली. मांडीपाशी स्टीलची वाटी, वाटीत पाणी, शेजारी मिठाची बरणी उघडी. माझं जुनं धोतर फाडून तिनं पट्ट्या केल्या होत्या. एक पट्टी घडी घालून डबीच्या पाठीवर, पात्यांवर ठेवलेली, दुसरी वाटीत भिजत. पहिली उचलली, पिळली, दुसरी ठेवली. बोटांनी कडेला नीट दाबली. पाणी तिवईवरून ओघळून खाली विजेच्या बोर्डाच्या चार बोटं अलीकडं पोचलं होतं.

मी झडप घालून भिंतीतलं बटण बंद केलं, पिन उपसून काढली. मग तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाय. अक्कल, जीव, करंट, असलं काहीतरी.

तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. आत्ता कुठं उतरलाय. बघा हात लावून."

मी हात लावला. डबी गार पडली होती. अर्थात. पाणी आत शिरून मेलेली डबी गार पडणारच.

"लई तापलं होतं," वच्छला म्हणाली. लई दिवसांनी तिचा आवाज असा ठाम होता, पोरगी लहान होती तवाचा. "रोज तापतंय. ते मास्तर येतात ना, ते रोज हात लावून बघतात. उलट्या हातानं. अन् चपला घालून जातात निघून. औषध नाय, पाणी नाय. असं असतंय व्हय कुठं? लेकरू तापलंय हे बघायचं, अन् आपलं बाहेर पडायचं?"

मी खाली बसलो.

"कोण हायत ते मास्तर?" मी विचारलं.

"काय माहीत बाई. चांगल्या घरचे दिसतात. मला जेवू घालतात." तिनं पट्टी पिळली. "पण त्यांचा जीव रमत नाय इथं. सारखं घड्याळाकडं बघतात."

मला रडू आलं. वर्कशॉपात गरम पाणी अंगावर उडून कातडी गेली तवा बी मी रडलो नव्हतो, अन् आता तिच्यासमोर तोंडाला हात लावून हमसून हमसून रडलो. ती बघत राहिली. तिला त्याचं फार काही वाटलं नाय. तिचं लक्ष डबीकडं होतं.

फोन परत थरथरला. मी उचलला.

"अण्णा! आई कुठंय?" तनुजा जवळजवळ किंचाळलीच.

"घरात हाय. माझ्यासमोर."

"बाहेर गेली होती?"

"नाय. गेलीच नाय आज."

"मग डबी का बंद झाली? लाइट गेली का?"

लाइट गेली म्हणलं असतं तर मिटलं असतं. मेमधी कुणाची जात नाय? नवी डबी आणली असती, सुदर्शनकडून तसलीच केस घेतली असती, वर कुठंतरी तिच्या हाताला लागणार नाय अशी बसवली असती, अन् सोमवारपासून परत एकला चपला घातल्या असत्या. हे सगळं मला दोन क्षणांत सुचलं. मला असलं लवकर सुचतं.

"डबीला ताप आला असं तुझ्या आईला वाटलं. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या तिनं," मी म्हणलं. "दुपारभर बसली होती बघ जवळ. माहेर बी आठवलं नाय तिला."

मी पाण्याची वाटी विजेच्या बोर्डापासून लांब सरकवली.

"तनुजा, एक सांगतो. मी राजकुमारकडं काही कामाला जात नव्हतो. तिथं माझ्याकडं काम असं नसतंच. मला घरात बसवत नव्हतं. ती मला वळखत नाय, अन् मला ते बघवत नाय. म्हणून जात होतो. डबी तिच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. मला बाहेर पडता यावं म्हणून."

"माहीत आहे, अण्णा," ती म्हणाली. हळूच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मग? मलाही नव्हतं बसवत. दिवाळीला दोनच दिवसांत परत आले ना मी."

मी धोतराच्या एका पट्टीनं फरशीवरचं पाणी पुसलं.

"मग नेऊ का तिला?" तनुजानं विचारलं. तिचा आवाज आता भांडायचा नव्हता.

"आज नको. उद्यापासून मी जात नाय कुठं. मी थकलोय तनुजा. लई थकलोय. पण बसून बघतो. बसलोच नाय अजून कधी. नाय जमलं तर मीच फोन करीन, ये म्हणीन. तू ठिपका लाल व्हायची वाट नको बघू."

"शनिवारी येते मी," ती म्हणाली. "राहायला येते. चार दिवस."

फोन ठेवला. वच्छलेनं एक ओली पट्टी माझ्यापुढं धरली. दुपारभर पिळून पिळून तिची बोटं पांढरी पडली होती.

"धरा की जरा," ती म्हणाली. "माझे हात भरून आले. अन् उठू नका मधीच. आजारी माणसाजवळ कुणीतरी बसावं लागतं."

"बसतो," मी म्हणलं, अन् पट्टी घेतली.